शेडमधली पद्मिनी : जुनी गाडी घरच्या घरी कशी सांभाळावी

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा शब्दांकित मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर आरोग्य, अध्यात्म नाहीतर गुंतवणूक या विषयांवरचे जाणकार वक्ते येतात. यंदा कार्यकारिणीने एका निवृत्त मेंटेनन्सवाल्याला माईकसमोर उभं केलं आहे. माझी सगळी नोकरी इथे भिलाईच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करण्यात गेली. तेव्हा भाषेत कुठे ग्रीस लागलेलं दिसलं तर सांभाळून घ्या.

विषय आहे जुनी गाडी घरी दुरुस्त करण्याचा. गाडी तुम्ही सगळे ओळखता. रेल मिलमधल्या आपल्या दादांची ती पांढरी प्रीमियर पद्मिनी, १९८६ची. मंडळाकडे स्वतःचं वाहन नव्हतं, तेव्हा थनौदहून गणपतीची मूर्ती तिच्याच मागच्या सीटवर, दोन्ही बाजूंना उशा लावून येत असे. दादा गेले आणि गाडी क्वार्टरच्या शेडखाली उभी राहिली, ती तब्बल दहा वर्षं. २०२२ साली वहिनी मुलाकडे नागपूरला कायमच्या निघाल्या. भंगारवाला दारात येऊन भाव करून गेला होता. वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, ही चालेल का हो परत? चालणार असेल तर घेऊन जा. नुसती ठेवायला नको."

या शेवटच्या तीन शब्दांमुळे काम अवघड झालं. नुसती पुसूनपासून दारात ठेवायची असती तर आठ दिवस पुरले असते. चालवायची म्हणजे माणसं बसवायची, आणि माणसं बसवायची तर जबाबदारी आली.

आधी गाडीची थोडी कुळकथा सांगतो. ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना १९४४ची. स्थापना करणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. बंगळूरचा विमान कारखाना १९४०मध्ये आणि विशाखापट्टणमचं जहाजबांधणीचं आवार १९४१मध्ये, ही दोन्ही कामं त्यांनीच सुरू केली. घरापासून लांब जाऊन कारखाने उभारणाऱ्यांचा हा वारसा आपल्यासारख्यांना जवळचा वाटावा असाच आहे. मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना होता. इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी तिथे बनू लागली. १९६४मध्ये तिचं 'डिलाइट' हे रूप आलं आणि १९७४पासून तीच 'पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, ताकद मागच्या चाकांना. नव्या शतकाच्या तोंडावर तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली. पण इंजिन साधं, मधे संगणक नाही, बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं. म्हणून घरी काम करायला याहून चांगली गाडी नाही.

आता कामाकडे वळू. ज्यांच्या शेडमध्ये अशी एखादी गाडी उभी असेल त्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. आधी थांबण्याची व्यवस्था, मग चालण्याची, आणि सर्वांत शेवटी दिसण्याची. बहुतेक जण उलट करतात. आधी रंग काढतात, मग पैसे संपतात आणि ब्रेक राहून जातात.

गाडी वर उचलायची तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीही शिरायचं नाही. लोखंडी घोड्या लावायच्या आणि जमिनीवरच्या चाकांना लाकडी ओंडके. कारखान्यात ज्याने भारी वजनाखाली काम केलं आहे त्याला हे सांगावं लागत नाही. तरीही सांगतो, कारण घरी माणूस सैल वागतो.

ब्रेक उघडताना ड्रममधली धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पाइपाने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसात गेलेलं परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ऑइलची वाट एकच आहे. आजच्या गाड्यांत दोन वाटा असतात, एक फुटली तर दुसरी धरते. इथे एका चाकाजवळचं दीड रुपयाएवढं रबर फाटलं तर चारही ब्रेक जातात. म्हणून मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर यांतली सगळी रबरं, रबरी होस आणि गंजलेल्या नळ्या आम्ही सरसकट बदलल्या. 'हे अजून बरं दिसतंय' हा विचार ब्रेकच्या बाबतीत करायचा नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. हँडब्रेकची दोरीही तपासायची, कारण ऐन वेळी तीच एक वेगळी वाट उरते.

मग इंजिन. दहा वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाला नवी बॅटरी लावून एकदम सेल्फ मारणं म्हणजे आजारी माणसाला अंथरुणातून उठवून पळायला लावणं. आम्ही चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी, प्लग काढलेलेच ठेवून, गाडी टॉप गिअरमध्ये टाकली आणि चौघांनी हळूहळू ढकलली. इंजिन फिरलं! त्या सकाळी शेडमध्ये जो आरडाओरडा झाला त्याने शेजारचे छत्तीसगढी काका काठी घेऊन धावत आले होते. त्यानंतर जुनं ऑइल आणि फिल्टर बदलला, रेडिएटर धुतला, फॅनचा पट्टा नि पाण्याचे होस नवे घातले. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट घासून त्यांच्यातलं अंतर फीलर गेजने लावलं. पोस्टकार्डाच्या जाडीवर अंतर लावणारे उस्ताद पूर्वी होते, पण गेज स्वस्त मिळतो, तो घ्यावा.

पेट्रोलची टाकी हा मोठा कारभार होता. जुनं पेट्रोल सुकून त्याचा डिंक झाला होता आणि तळाला गंज. टाकी उतरवून साफ केली, कार्ब्युरेटर सुटा करून जेट मोकळे केले. इथे आजच्या काळातली एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. २०२५पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी बसून पत्रा खातं. जुन्या प्रतीचं रबर त्यात फुगतं आणि पुढे चिरतं. म्हणून पेट्रोलचे होस आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवले. होस वर्षातून दोनदा हाताने दाबून बघतो आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी त्याच जागी बंद. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं, इंजिन तापतं, धक्के देतं. जाणत्या मिस्त्रीकडून जेट एक घर मोठा करून घेतला की फरक पडतो. आणि सर्वांत स्वस्त औषध म्हणजे गाडी आठवड्यातून एकदा चांगली गरम होईपर्यंत चालवणं.

पत्र्याच्या कामात निम्मा खर्च गेला. आपल्याकडच्या पावसात गंज धरतो तो ठरलेल्या जागी : पायाखालच्या रबरी मॅटखाली, बॅटरीच्या तबकात आणि दारांच्या खालच्या कडेला, कारण तिथली पाणी जायची भोकं मातीने बुजतात. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, रेड ऑक्साइड मारायचं, मग रंग. पेंटर ज्याला लांबी म्हणतात ती पुट्टी गंजावर भरून घेऊ नका. दोन पावसाळ्यांत ती पापडासारखी सुटते. काड्या घालून भोकं मोकळी ठेवणं हे तर फुकटचं काम आहे, आणि सर्वांत जास्त फळ देणारं.

सुट्या भागांचं विचाराल तर दिल्लीचं कश्मीरी गेट आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार अजून उपयोगी पडतात. पण मुंबईच्या टॅक्सी गेल्यामुळे नवा माल बनवण्यात कुणाला रस उरलेला नाही. जे रबर, जे किंगपिन मिळेल त्याचा एक जोड जास्तीचा घेऊन ठेवावा आणि किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस द्यावं, म्हणजे जोड उघडायची पाळी उशिरा येते.

कागदांकडे दुर्लक्ष करू नका. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. आधी ती वहिनींच्या नावावर झाली, मग माझ्या. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ भरून दर ५ वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी गाडी तपासणीत उतरावी लागते. मोटारीसाठी ही फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२पासून ५,००० झाली, आणि २० वर्षांवरच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५मध्ये १०,००० झाली. काही जण म्हणतात, थांबा, ५० वर्षांची झाली की व्हिंटेज म्हणून नोंदवा. २०२१च्या नियमांनी ती सोय आहे खरी, पण तशी गाडी प्रदर्शन, रॅली वगैरे सोडून रोज रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे पुन्हा नुसती ठेवायचीच. वहिनींनी नको म्हटलं होतं तेच.

आमची गाडी १४ महिन्यांनी २०२३मध्ये तपासणीत पास झाली. मागच्या वर्षी वहिनी उत्सवाला आल्या होत्या. आरतीनंतर त्यांना गाडीतून सिव्हिक सेंटरपर्यंत चक्कर मारून आणली. वाटेत फारसं बोलल्या नाहीत. फक्त डावीकडची काच अजून हाताने वर ढकलावी लागते का, एवढं विचारलं. ढकलावी लागते. ती मी दुरुस्त केलेली नाही आणि करणारही नाही.

आता शेवटचं, आणि याचसाठी मी बोलायला होकार दिला. रविवारी सकाळी आम्ही पाच जण शेडमध्ये जमतो. पाचांपैकी सर्वांत तरुण गृहस्थ ६१ वर्षांचे आहेत. आपली मुलं पुण्याला, बंगळूरला, त्याहून लांब गेली. क्वार्टरं एकामागून एक रिकामी होत आहेत. पुढचं नूतनीकरण २०२८मध्ये आहे. फी आम्ही वर्गणी काढून भरू, ती चिंता नाही. चिंता ही आहे की त्यानंतर घोड्या कोण लावेल, पॉइंट कोण घासेल. हाताचं काम पुस्तकात लिहून उरत नाही, ते दुसऱ्या हातालाच द्यावं लागतं. मंडळातल्या, किंवा मंडळाबाहेरच्याही, मराठी असो, छत्तीसगढी असो वा मल्याळी, दोन तरुण मुलामुलींनी रविवारी आठ वाजता यावं. जुने कपडे घालून यावं. चहा-पोह्यांची व्यवस्था आमच्याकडे लागली. वर्षभरात जो ब्रेक स्वतः बांधून दाखवेल, किल्ली त्याच्या किंवा तिच्या हातात देण्याचं आम्हा पाचांचं ठरलं आहे.

पुढच्या वर्षीची मूर्ती त्यांनीच थनौदहून आणावी. मी मागच्या सीटवर उशा धरून बसेन.

गणपती बाप्पा मोरया!