नावाची नोंद आणि वनस्पतींचे रक्षण

शाळेत वनस्पतिशास्त्राचा पाठ चालू असता एखादा तरी विद्यार्थी विचारतोच, "झाडाला शास्त्रीय नाव नसले तर त्याचे काय अडते?" प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. झाड ऊन खाते, पाणी पिते, फुलते, फळते. त्यासाठी त्याला लॅटिन नावाची गरज नाही. अडते ते माणसाचे. परंतु आज पृथ्वीवरील बहुतेक राने माणसाच्या हाती असल्यामुळे, माणसाचे अडले म्हणजे शेवटी झाडाचेही अडते. ते कसे, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

कायद्याचेच उदाहरण घ्या. आपल्या देशात वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. त्यात आरंभी वनस्पतींसाठी वेगळे प्रकरण नव्हते. ते १९९१ च्या दुरुस्तीने आले आणि त्या वेळी संरक्षित वनस्पतींच्या यादीत अवघी सहा नावे घालण्यात आली. मेघालयातील घटपर्णी आणि हिमालयातील कुठ ही त्यांपैकी दोन. कायद्याला 'डोंगरावरची ती निळसर फुलांची वेल' अशी भाषा समजत नाही. त्याला नेमके नाव लागते. ज्या जातीला नाव नाही, ती यादीत येत नाही. आणि जी यादीत नाही, तिच्यावर कुऱ्हाड पडली तरी गुन्हा कोणाचा आणि काय घडला, हे सांगण्याची सोय राहत नाही.

आता हे नाव ठरते कसे? स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली 'स्पीशिज प्लँटॅरम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सुमारे सहा हजार वनस्पतींची नोंद आहे. त्यापूर्वी विद्वान लोक एकेका झाडाला वाक्याएवढे लांब लॅटिन नाव देत असत. लिनियसने प्रत्येक जातीला दोन शब्दांचे सुटसुटीत नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्याकडे आडनाव आणि नाव असते, तशीच ही योजना; फक्त येथे आडनाव आधी येते.

लिनियसपाशी आपल्या देशातील वनस्पतींची माहिती आली कोठून, हे गोमंतकातील व कारवार-बेळगावकडील श्रोत्यांना विशेष कौतुकाचे वाटेल. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेड याने मलबारातील वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे मुद्रण १६७८ पासून ॲम्स्टरडॅम येथे झाले. त्या कामी इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, मॅथ्यू नावाचे कार्मेलाइट धर्मगुरू होते आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्यही होते. या तिघांनी २० एप्रिल १६७५ रोजी कोकणी भाषेत, नागरी लिपीत लिहून दिलेले प्रमाणपत्र त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. सुमारे साडेसातशे वनस्पतींची वर्णने त्यात आहेत. लिनियसने त्यांचा पुष्कळ उपयोग केला आणि त्यांतील चित्रे आजही अनेक शास्त्रीय नावांचा मूळ आधार मानली जातात. पाश्चात्यांनी आम्हांस आमची झाडे दाखविली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः आमच्याच वैद्यांनी ती त्यांना आधी दाखविली होती. शास्त्राने त्या ज्ञानाला जगभर चालेल असे नाणे पाडून दिले, हे मात्र खरे.

हे नाणे खोटे निघू नये म्हणून शास्त्रज्ञांनी एक कडक नियम केला आहे. नवीन जातीला नाव द्यावयाचे असेल तर एक वाळविलेला नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो. फूल, पान, शक्य तर फळ यांसह ती फांदी दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवितात. खाली स्थळ, तारीख, उंची आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहितात. ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो त्या नावाचा साक्षीदार. पुढे शंभर वर्षांनी वाद निघाला, तर ग्रंथातील वर्णनापेक्षा या साक्षीदाराची जबानी अधिक मानली जाते. अशा कागदांच्या संग्रहाला वनस्पतिसंग्रह म्हणतात. भारतीय वनस्पति सर्वेक्षण या संस्थेची स्थापना १८९० साली झाली. तिचा हावडा येथील मध्यवर्ती संग्रह हा आपल्या देशातील सर्वांत मोठा होय.

मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातही असाच एक नामांकित संग्रह आहे. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते फादर ब्लाटर मूळचे स्विस. त्यांच्यामागून त्याच परंपरेत आलेले फादर सांतापाव हे स्पेनचे. खंडाळ्याच्या घाटातील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. वनस्पति सर्वेक्षणाचे संचालकपदही त्यांनी सांभाळले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली ते या देशातच निवर्तले. खंडाळ्याला हवा खाण्यासाठी जाणारे पुष्कळ. तेथे तीच तीच टेकडी निरनिराळ्या ऋतूंत पालथी घालून, कोणते रोप केव्हा फुलते याची टाचणे करणारे विरळा. अशी नोंद जुनी होत जाते तसतशी तिची किंमत वाढते. पूर्वी एखाद्या ठिकाणी एखादी वनस्पती होती, हे कागद सांगतो. आज ती तेथे नाही, हे डोळे सांगतात. किती गमावले, याचा हिशेब या दोहोंच्या वजाबाकीतूनच निघतो.

परंतु कागदावरचा नमुना म्हणजे रक्षण नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. याचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. शिवछत्रपतींच्या जन्मामुळे पावन झालेला शिवनेरी किल्ला आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या कड्यावर एक लहानशी मांसल वनस्पती उगवते. मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातील अधिकारी डॅलझेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात तिचे वर्णन केले आणि तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' असे नाव दिले. मराठीत तिला शिंदळ माकुडी म्हणतात. कड्याच्या भेगेत, जेथे मातीचा थर बोटभरही नसतो, तेथे ती तग धरून असते. पावसाळ्यात तिला पाने येतात आणि गर्द तांबूस रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची, चांदणीसारखी फुले लागतात. पाऊस सरला की पाने गळतात आणि पाणी साठवून ठेवलेले जाडसर खोड तेवढे उरते.

पुढच्या अभ्यासकांनी तिची तपासणी केली, तेव्हा तिची स्वतंत्र प्रजाती मानावी की नाही, याविषयी मतभेद झाले. कोणी तिला करलुमा प्रजातीत घातले, कोणी बोसेरोशियात. येथे एक गंमत लक्षात येते. माकुडी, माकडशिंग ही नावे आपले लोक करलुमाच्या पर्णहीन झुडपांना फार पूर्वीपासून देत आले आहेत. पाने असूनही ही त्यांच्याच गोतावळ्यातली आहे, हे खेड्यातील माणसाने फूल आणि खोड पाहून ओळखले होते. शास्त्रज्ञ वळसा घालून त्याच मुक्कामाला पोहोचले. तेव्हा लोकांतील नावे ही भाबडी असतात, असे समजून ती टाकून देऊ नयेत. त्यांत वर्गीकरण दडलेले असते.

या वनस्पतीची गणना जगातील अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींत झाली. आश्चर्य असे की, कुंडीत ती सहज वाढते. फांदीचा तुकडा लावला तरी मूळ धरते. परदेशांतील हौशी लोकांच्या काचघरांत तिची रोपे आहेत. मग ती संकटात कशी? श्रोतेहो, एकाच फांदीचे शंभर तुकडे शंभर कुंड्यांत लावले तरी ती शंभर झाडे नव्हेत, एकाच झाडाची शंभर रूपे होत. एक रोग आला तर शंभरही एकदम जातील. जातीचे बळ निरनिराळ्या झाडांतील लहानसहान भेदांत असते. ते भेद कड्यावरच्या ऊनपावसात, तेथल्या कीटकांच्या संगतीत टिकतात. म्हणून संशोधकांनी रोपे तयार करून ती पुन्हा मूळ कड्यांवर लावण्याचे प्रयत्न केले आहेत. तो मार्ग खरा. नाव, नमुना आणि निवारा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच जात वाचते.

आता ज्यांच्याविषयी आपले अज्ञान सर्वांत मोठे आहे, त्या कवकांकडे वळू. अळंबी, बुरशी, तांबेरा, किण्व ही सारी कवके. लिनियसने त्यांना वनस्पतींच्या शेवटच्या वर्गात बसविले होते आणि दोनशे वर्षे ती तेथेच बसून राहिली. १९६९ साली व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्यांची स्वतंत्र सृष्टी मानावी असे मांडले. कारण कवक सूर्यप्रकाशातून आपले अन्न तयार करीत नाही आणि त्याच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या, म्हणजे कीटकांच्या कवचात असतो त्या द्रव्याच्या असतात. नंतरच्या संशोधनाने तर असे दाखविले की, कवकांचे नाते झाडांपेक्षा प्राण्यांशी अधिक जवळचे आहे.

लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिउद्यानाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात कवकांच्या जाती सुमारे २५ लाख असाव्यात, असा अंदाज दिला आहे. त्यांपैकी नाव मिळालेल्या जाती सुमारे दीड लाख. दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास नवीन जातींचे नामकरण होते. मुलांनी हा भागाकार करून पाहावा. या गतीने उरलेल्यांना नावे द्यावयाची तर नऊशेहून अधिक वर्षे लागतील. मूठभर मातीतून डीएनए वेगळे करून आजवर कोणी न पाहिलेली कवके ओळखण्याची सोय आता झाली आहे. पण केवळ डीएनएच्या आधारावर नियमानुसार नाव देता येत नाही, त्यासाठी नमुना हवाच. आणि संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत मार्च २०२५ पर्यंत तपासल्या गेलेल्या कवकांची संख्या होती अवघी १,३००. ज्यांची मोजदादच नाही, त्यांचे रक्षण कोण करणार?

हा प्रश्न दूरचा नाही, आपल्या ताटातला आहे. गोव्यात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात रोणावरची ओळमी विक्रीस येतात. रोण म्हणजे वाळवीचे वारूळ. या अळंब्यांच्या प्रजातीला टर्मिटोमायसिस असे नाव रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली दिले. वाळवीला लाकूड आणि पालापाचोळा नीट पचत नाही. म्हणून ती वारुळाच्या आत कवकाची बाग लावते, तिला पालापाचोळा पुरविते आणि कवकाने कुजवून मऊ केलेले अन्न स्वतः खाते. दोघांचा हा संसार सुमारे तीन कोटी वर्षांचा आहे. पुरेसा पाऊस झाला की या बागेतून लांब मुळासारखा देठ वर येतो आणि जमिनीवर छत्री उघडते. उघडलेल्या छत्रीतून असंख्य बीजाणू वाऱ्यावर जातात व पुढच्या वारुळांना कवक पुरवितात.

धिंगरी किंवा गोल अळंबी पेंढ्यावर आणि खतावर पिकविता येते. रोणावरचे ओळमे वाळवीवाचून बाजारासाठी पिकविणे आजवर जमलेले नाही. म्हणजे त्याची बी बरणीत भरून ठेवण्याजोगी नाही. वारूळ राखले तरच ते राहणार. गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. धर्म कोणताही असो, वारूळ फोडू नये ही तेथील जुनी समज शास्त्राला धरूनच होती. आता मात्र भाव चढा मिळतो म्हणून कळ्याच खुडल्या जातात, छत्री उघडू दिली जात नाही; चढाओढीत लोखंडी हत्याराने वारूळही उकरले जाते. कळी खुडली की त्या वर्षाचे बीजाणू गेले. वारूळ फुटले की बागच गेली. त्याहून मोठी हानी इमारती आणि खाणी यांसाठी रान सपाट केल्याने होते, हे सांगण्यास संकोच नको. गरीब खुडणाऱ्याला दोष द्यावा आणि सारे रान सपाट करणाऱ्याकडे डोळेझाक करावी, हा न्याय नव्हे.

मग आपण काय करावे? विकत घेणाऱ्याने उमललेली ओळमीही घ्यावीत, केवळ कळ्यांचा आग्रह धरू नये. खुडणाऱ्याने प्रत्येक वारुळावर चार-सहा छत्र्या उघडण्यासाठी सोडाव्यात. गावातील वडीलधाऱ्या माणसांना किती प्रकारची अळंबी आणि किती औषधी वेली ओळखता येतात, त्या त्यांच्या नावांनिशी, स्थळ व महिना यांसह उतरवून घ्याव्यात. हे काम शाळेतील मुलेही करू शकतात. जुन्या वर्तमानपत्रात पान दाबून वाळवावे, खाली तारीख आणि गावाचे नाव लिहावे. त्याला खर्च लागत नाही, चिकाटी लागते. मात्र दुर्मीळ रोप उपटून आणू नये आणि अनोळखी अळंबे चाखून पाहू नये, ही ताकीद शिक्षकांनी आरंभीच द्यावी.

रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांनी आपल्याला ठाऊक होते ते लिहून, त्याखाली सही केली. त्याला आता साडेतीनशे वर्षे होऊन गेली. त्यांचे शब्द अजून उपयोगी पडतात. आपल्या गावची झाडे आणि अळंबी आज ओळखणारी माणसे आपल्यात आहेत, तोवर त्यांच्याकडून ती ओळख करून घेणे हे आपल्या हातचे आहे. येत्या पावसाळ्यापासून आपण त्याला आरंभ करावा, एवढीच माझी विनंती आहे.