पाण्याच्या तांब्यापाशी

बचत गटात आपण दर महिन्याला पैशांचा हिशेब तपासतो. आज थोडा मनाचा हिशेब करू या.

आपल्या ख्रिस्ती मैत्रिणींच्या बोलण्यात 'पश्चात्ताप' हा शब्द येतो. आपल्याला वाटतं, पश्चात्ताप म्हणजे रडणं, हळहळणं. पण बायबलच्या नव्या करारात जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ मन पालटणं असा आहे. आता मन पालटलं हे ओळखायचं कसं?

योहानाच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. भर दुपारी येशू दमून विहिरीपाशी बसले होते. एक शोमरोनी बाई पाण्याला आली. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. तरी येशूंनी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं. तिला नवलच वाटलं. त्यांच्याशी बोलून ती इतकी बदलली, की घागर तिथेच टाकून गावात गेली आणि लोकांना बोलावून घेऊन आली.

आपल्याकडचं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या त्या ह्याच. माहेरी वडिलांचं सोवळं फार कडक. 1895 साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळलं. पुढे त्या पतीजवळ राहायला गेल्या, पण चूल वेगळी ठेवून. नवऱ्याचा धर्म बदलला म्हणून आपलं मन बदलत नाही ना! विचार करता करता त्यांना उमगलं, की जातिभेद माणसानंच केलेला आहे. मग कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. म्हणजे आधी मन पालटलं, विधी मागून झाला.

आता माझं सांगते. आमच्या गटाची बैठक पाळीपाळीनं एकेकीच्या घरी असते. एका वस्तीवरच्या ताईंकडे चहा आला, की मी म्हणायची, "आज उपास आहे हो." भाषणात मात्र सगळ्या समान! एकदा त्या हसत म्हणाल्या, "ताई, तुमचा उपास बरा आमच्याच घरी येतो." बाकीच्या हसल्या. माझी मान खाली गेली. रात्रभर झोप लागली नाही.

पुढच्या वेळी मी स्वतःच म्हटलं, "ताई, आधी पाणी द्या." त्यांनी तांब्या भरून आणला. काही न बोलता शेजारी बसल्या. पाणी साधंच होतं, पण घोट घेताना माझा हात थरथरत होता. इतकी वर्षं मी त्यांना काय वाटायला लावलं असेल, हे तेव्हा कळलं.

मैत्रिणींनो, धर्म आपला कोणताही असो. मन पालटलं की नाही, ते देवळात किंवा चर्चमध्ये कळत नाही, ते शेजारणीच्या ओट्यावर कळतं. आपण कुणाच्या घरी पाणी पीत नाही, हे आज स्वतःला विचारा. आणि पुढची बैठक तिच्याच घरी ठेवा.