दुसरी घंटा

जुनी कृति नव्यानें घडवितांना काय ठेवावें आणि काय टाकावें? जेम्स केन या अमेरिकन लेखकाच्या ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’ (१९३४) या कादंबरीवरील दोन अमेरिकन बोलपट या प्रश्नाचें उत्तम उदाहरण होत. खाणावळीच्या मालकाची तरुण पत्नी कोरा आणि तेथें कामास राहिलेला भटक्या फ्रँक हीं परस्परांवर आसक्त होऊन मालकाचा खून करतात, आणि कायद्याच्या कचाट्यांतून सुटतातहि.

टे गार्नेटनें १९४६ सालीं ही कथा पडद्यावर आणली, तेव्हां हॉलिवुडवर नीतिनियमांचा कडक पहारा होता. म्हणून जमिनीवर घरंगळत आलेली लिपस्टिक आणि शुभ्र वेषांतील लाना टर्नर यांच्यावाटेंच त्यानें वासनेचा दाह सुचविला. १९८१ सालीं बॉब राफेलसनवर हा पहारा नव्हता. झांकलेलें तें त्यानें उघड दाखविलें.

शेवट मात्र त्यानें गाळला. मूळ कथेंत कोरा मोटार-अपघातांत मरते, आणि खऱ्या खुनांतून सुटलेला फ्रँक या न केलेल्या खुनाबद्दल देहान्त शिक्षेस पात्र ठरतो. पहिल्या घंटेला दार उघडलें नाहीं, तरी दैवाचा टपालवाला दुसऱ्यांदा घंटा वाजवितोच! राफेलसनचा बोलपट कोराच्या मृत्यूपाशींच थांबतो. तेथें शोक आहे, निवाडा नाहीं.

हा निवाडा नियमांच्या धाकानें आलेला नव्हता. तो कादंबरींतच होता. लादलेलें बंधन टाकतांना कथेचा प्राण टाकला जाऊं नये, हेंच नव्यानें घडविणाऱ्यानें पाहावयाचें असतें.