अरुंद नावेचा टप

घराच्या गच्चीवर जावयाचे तर जिना हवा, ही गोष्ट इतकी उघड आहे की घर बांधणारा ती सहसा विसरत नाही. इंग्लंडातील कालव्यांवर मात्र अशी हजारो घरे तरंगत आहेत की, ज्यांच्या छपरावर मालकाला वरचेवर जावे लागते आणि जिना मात्र बहुधा नसतो. या घरांना तिकडे नॅरोबोट म्हणतात. आपण अरुंद नाव म्हणू. रुंदी सात फुटांहून किंचित कमी, म्हणजे उणेपुरे साडेचार हात. लांबी मात्र 70 फुटांपर्यंत. आपल्या रुंदमापी लोहमार्गावरील डबा याहून तीन फुटांनी तरी अधिक रुंद असतो.

ही रुंदी ठरली ती जेम्स ब्रिंडली या स्थापत्यकाराच्या काळात. ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणाऱ्या कालव्याचे काम 1766 साली सुरू झाले आणि ब्रिंडलीच्या मृत्यूनंतर, 1777 साली, पुरे झाले. चढउताराच्या प्रदेशातून नाव न्यावयाची तर जलपाश हवेत. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद: नाव आत घ्यावी, पाणी भरावे, म्हणजे ती वर चढते, पाणी सोडावे, म्हणजे खाली उतरते. हे हौद सुमारे सात फूट रुंद ठेवले की दगड वाचतो आणि पाणीही वाचते. त्या काटकसरीचा परिणाम असा की, नावेच्या बाजूने चालण्यास मार्ग उरला नाही. मालवाहू नावांवर मालाच्या वर एका रांगेत फळ्या टाकलेल्या असत, आणि नावाडी त्यांवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाई. पाठीमागच्या खोपटात सारे कुटुंब राही. खोपटाचा टप हे त्यांचे अंगण. रांगती मुले तेथे दोरीने बांधून ठेवीत, ती पाण्यात पडू नयेत म्हणून.

1948 साली बहुतेक कालवे राष्ट्राच्या मालकीचे झाले, पण मालवाहतूक ओसरतच गेली. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून पडले आणि उरलासुरला धंदाही मोडला. आता या नावा पोलादी असतात, टप जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असतो, आणि लोक हौसेने किंवा घर परवडत नाही म्हणून त्यांत राहतात. टपावर काय नसते? लांब बांबू, उतरण्याची फळी, कोळशाची पोती, फुलझाडांच्या कुंड्या, सायकल, धुराडे, आणि अलीकडे सौर पॅनेलही. ती पुसावयाची, धुराड्याची टोपी काढावयाची, पाने झाडावयाची, म्हणजे वर जाणे आलेच. राहणाऱ्यांत निवृत्त आणि एकट्या माणसांची संख्या पुष्कळ असल्याने हा प्रश्न केवळ चपळाईवर सोडून भागत नाही.

अडचण कोठे आहे ते पाहा. खोलीच्या भिंतीबाहेर पाऊल जेमतेम मावेल एवढी काठाची पट्टी असते. त्या पट्टीवर उभे राहिले की टपाच्या कडेचा हातदांडा साधारण कमरेच्या आसपास येतो. भिंत वर जाताना आत कललेली असते; अंग पुढे झुकले तर बरे, मागे झुकले तर पाठीशी आधार नाही. पट्टी ओली असते, टपाचा रंग गुळगुळीत असतो, आणि नाव किंचित डोलते. कालव्यात पाणी पुष्कळ ठिकाणी छातीइतकेही नसते. तेव्हा बुडण्याची भीती तेवढीशी नाही, पण थंडगार पाण्याचा धक्का, पोलादी कडेवर आपटणारे डोके आणि दगडी भिंत व नाव यांमधील फट, या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नावेचे वजन 15-20 टन. ती हळू सरकते म्हणून तिला पायाने अडवू पाहणारा माणूस हिशेबात चुकतो.

माझ्या मते सर्वांत भरवशाची वाट पिछाडीची. तेथे उभे राहण्यास सपाट जागा असते आणि टपाची कड दोन्ही हातांनी धरता येते. तेथील भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीवर, एक दुमडती पोलादी पायरी बसवून घेतली की चढण अर्धी होते. मात्र नावेचा पंखा त्याच टोकाखाली फिरतो. म्हणून चढण्यापूर्वी इंजिन बंद करावे, नाव पुढे-मागे दोन्हीकडे दोरांनी बांधावी. दुसरा उपाय हातदांड्यावर अडकवावयाच्या आखूड शिडीचा. तिचे आकडे वाकलेले व रबराने मढवलेले असावेत, आणि खालचे टोक भिंतीला टेकावे. लोंबकळती शिडी पायाखालून आत सरकते. टपाच्या ज्या पट्ट्यावरून ये-जा असते तेथे रंगात बारीक वाळू मिसळून लावावी. दिसायला खडबडीत दिसते, पण पाय ठरतो. चढताना दोन हात व एक पाय, किंवा दोन पाय व एक हात, यांची पकड सुटू द्यावयाची नाही. म्हणजेच हातात बादली घेऊन चढावयाचे नाही. ती आधी वर ठेवावी. उतरताना तोंड नावेकडे, पाठ पाण्याकडे, उडी नाही.

जलपाशात मात्र पाणीच शिडीचे काम करते. हौद रिकामा असता टप काठाच्या पुष्कळ खाली असतो, आणि भिंतीतील लोखंडी शिडी शेवाळाने निसरडी झालेली असते. पाणी भरत गेले की एक क्षण असा येतो की टप आणि काठ एका पातळीवर येतात. एकटा नावाडी बाहेरून पाणी सोडतो तेव्हा त्याने या क्षणी झडपा बंद कराव्यात, पाणी शांत होऊ द्यावे, मधला दोर ताणून नाव भिंतीला लावून घ्यावी, आणि उंबरठा ओलांडावा तसे पाऊल टाकावे. पाणी वाहत असताना नाव पुढे-मागे ओढली जाते. तेव्हा तोच उंबरठा दोन हात रुंद होतो.

नाव चालू असता टपावर उभे राहू नये, हे सांगावयास नको असे वाटते. पण उन्हाळ्यात पाहुणे बसतातच. कालव्यांवरील विटांचे पूल कमानदार आणि ठेंगणे. बोगदे त्याहून वाईट. हेअरकॅसलच्या पहिल्या बोगद्यात घोड्यासाठी वाट नव्हती. नावाडी उताणे पडून भिंतीला पाय लावून नाव रेटीत, आणि 2,880 यार्डांना तीन तासांपर्यंत लागत. तेथे उभे राहण्याचा प्रश्नच नव्हता.

आणखी एक बारीक गोष्ट राहिली. अडकवावयाची शिडी पुष्कळ लोक बांबू आणि फळीच्या शेजारी, टपाच्या मध्यभागी, नीट बांधून ठेवतात. म्हणजे ती आणण्यासाठी आधी टपावर चढावे लागते. तिची जागा पिछाडीला, हात पोचेल तेथे.