चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची घडण

भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण १९५५ साली बंगळुरूत सुरू झाले. आदल्याच वर्षी तिथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली होती. तीच पुढे ‘निम्हान्स’ झाली. तेव्हाच्या पदविकेची कालांतराने दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. झाली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाल्यावर अभ्यासक्रमाची मान्यता तिच्याकडे आली.

एम.फिल.च्या आधीचा टप्पा एम.ए.चा. सिद्धान्त, संख्याशास्त्र, प्रयोगशाळेतली प्रात्यक्षिके हे सारे तिथे होते. रुग्ण मात्र बहुधा पुस्तकातच भेटतो. म्हणून नुसत्या एम.ए.वर दवाखान्याची पाटी लावणे धोक्याचे. आपल्या शहरांत अशा पाट्या थोड्या नाहीत.

एम.फिल.ला प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीतून जावे लागते. पात्र शिक्षक किती यावर जागा ठरतात, त्यामुळे त्या मोजक्याच असतात.

पहिले वर्ष ओपीडी आणि वॉर्डात जाते. केस हिस्टरी घेताना रुग्ण एक सांगतो, सोबत आलेली आई दुसरेच. ही तफावत खोडून न टाकता नोंदवायला शिकणे हा पहिला धडा. मग मनोवस्थेची तपासणी आणि चाचण्या. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी केलेले रूपांतर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. पण बुद्ध्यंक काढणे सोपे असते. मुलाची शाळा बुडत होती का, घरची बोली कोणती, हे न विचारता लिहिलेला आकडा अहवाल ठरत नाही. वर्षअखेर सविस्तर निदान-अहवाल सादर करावे लागतात.

दुसऱ्या वर्षी भर मानसोपचारावर येतो, आणि प्रशिक्षणाचे खरे मर्म इथे आहे. सत्र संपल्यावर प्रशिक्षणार्थी ते पर्यवेक्षकापुढे मांडतो: रुग्ण काय म्हणाला, आपण काय उत्तर दिले, सल्ला द्यायची घाई कुठे झाली, समोरच्याचे रडणे सोसवेना म्हणून विषय कुठे बदलला. व्याख्यानांतून हे येत नाही. त्यासाठी अनुभवी माणसाने आठवड्यामागून आठवडे वेळ काढून बसावे लागते, आणि नेमका हाच वेळ संस्थांना महाग वाटतो. प्रबंधही याच वर्षीचा. या धावपळीत तो पुष्कळदा उरकला जातो.

परीक्षेनंतर पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येत पर्यवेक्षणाखालचे चिकित्सालयीन प्रशिक्षण धरले आहे. पीएच.डी. ही संशोधनाची वाट. रुग्ण तपासण्याच्या प्रशिक्षणाची जागा ती घेत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करण्याचे ठरवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने या विषयाला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. आता पदवी-पदव्युत्तर पातळीवरच्या नव्या अभ्यासक्रमांवर भिस्त आहे, म्हणजे विद्यार्थी पूर्वीपेक्षा लहान वयात रुग्णासमोर बसेल. अशा वेळी पर्यवेक्षणाचे तास कमी करून चालणार नाही. ते अभ्यासक्रमात आकड्यानिशी लिहिले जावेत, आणि ज्या महाविद्यालयाला मनोरुग्ण विभाग असलेल्या रुग्णालयाची जोड नाही, त्याला हा अभ्यासक्रम चालवण्याची मान्यता मिळू नये.