सहज काढलेले फोटो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोलायला उभी राहिले आहे खरी, पण पाय लटपटत आहेत. आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही सहलीत सारखे फोटो काढीत असता, तर त्यावरच चार शब्द बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. भाषण कसले करणार?" तर त्या म्हणाल्या, "फोटो काढायला कुठे व्याकरण लागते? काढता तसेच बोला." तेव्हा माझे बोलणे वेडेवाकडे झाले तर त्याचा दोष त्यांच्याकडे.

माझे माहेर जावळीतले. लहानपणी आमच्या सगळ्या भावकीत कॅमेरा एकच, तो माझ्या मामांकडे. आगफा क्लिक थ्री नावाचा काळा डबा होता. त्यात रीळ घातले की बारा फोटो निघत. मामा दिवाळीला येत तेव्हा आम्हा पोरांना ओळीने उभे करीत आणि म्हणत, "हलू नका, बारापैकी एक वाया जाईल." त्यामुळे त्या फोटोंतून आम्ही सगळी मुले कोर्टात उभी केल्यासारखी दिसतो. रीळ धुवायला साताऱ्याला जाई, आणि फोटो हातात पडायला संक्रांत उजाडे. फोटो म्हणजे नवे कपडे, विंचरलेले केस आणि रोखलेला श्वास, असेच मला पुष्कळ वर्षे वाटत होते.

पुढे मुलाने नोकरी लागल्यावर मला मोबाईल घेऊन दिला. त्यात कॅमेरा होता. आता बाराची मोजदाद नाही, रिळाचा खर्च नाही. पहिले काही दिवस मी देवाचा, तुळशीचा आणि नातवाचा फोटो काढला. मग एके दिवशी सकाळी गॅसजवळ उभी असताना खिडकीच्या गजांतून ऊन आले आणि परातीतल्या पिठावर त्याच्या पट्ट्या पडल्या. रोजच पडत असतील. मी हात पुसले आणि सहज फोटो काढला. आमचे हे म्हणाले, "पिठाचा काय फोटो काढायचा?" मलाही उत्तर देता आले नाही. पण तेव्हापासून मला नादच लागला. दुधाच्या पिशव्या घेऊन सायकलवरून येणारा पोरगा, पावसात छत्री उलटी झालेल्या शेजारीणबाई, मंडईत भेंडी मोडून बघणारा हात, असले काहीबाही मी काढीत असते.

आता सहलीची गोष्ट सांगते. 2023 सालच्या मार्चपासून आम्हा बायकांना एस.टी.त निम्मे तिकीट झाले, आणि आपल्या मंडळाच्या पायांना चाके फुटली. त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर आपण वाई आणि मेणवलीला गेलो होतो, आठवते ना? ढोल्या गणपतीपुढे सगळ्यांनी फोटो काढून घेतले. 1762 साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेले ते देऊळ. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, म्हणजे कृष्णेला पूर आला तर पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर ती मोठी घंटा आपण पाहिली. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हाची ती घंटा, आणि तिच्यावर मेरीमातेची मूर्ती. घंटेपुढे फोटोसाठी आपली रांग लागली होती. मी मात्र तेवढ्या वेळात घाटाच्या पायऱ्यांवर काढून ठेवलेल्या आपल्या साऱ्यांच्या चपलांचा फोटो काढला. त्यावरून तुम्ही मला किती हसलात! पण गेल्या वर्षी आपल्यातल्या एक बाई देवाघरी गेल्या. त्यांच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला त्या फोटोत माझ्या चपलांना लागून आहेत. त्यांच्या मुलीने तो फोटो माझ्याकडून मागून नेला.

त्याच दिवशी वाईच्या घाटावर माझी चांगली फजिती झाली. एक म्हातारी बाई धुणे आपटीत होती. पाण्याचे तुषार उन्हात असे काही चमकत होते की मी लांबून फोटो काढला. तिने पाहिले. पिळा तसाच हातात धरून ती मला म्हणाली, "अगं बाई, फोटू काढतीस आन् इचारत न्हाईस? माझं लुगडं फाटलंय, ते कुणाला दावनार हाईस?"

भगिनींनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिचे खरे होते. माझ्या घरात कुणी परका शिरून माझ्या फाटक्या पातळाचा फोटो काढता तर मला चालले असते का? मी तिच्याजवळ पायरीवर बसले आणि तिच्यादेखत तो फोटो पुसून टाकला. माफी मागितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "आता काढ." मी काढला. निघताना तिने विचारले, "मला मिळंल का गं ह्यो?"

दोन महिन्यांनी भाचीच्या कामासाठी वाईला जाणे झाले, तेव्हा मी फोटो कागदावर छापून घेऊन गेले. त्याच घाटावर ती भेटली. फोटो लांब धरून, जवळ धरून तिने पाहिला. म्हणाली, "ही मी व्हय? आधार कार्डावर तर मढ्यावानी दिसते मी." तिच्याजवळ तिचा स्वतःचा दुसरा फोटोच नव्हता.

तिच्या त्या बोलण्याने मला परतीच्या गाडीत रडू आले. ते का, हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. आज सांगते.

माझी आई 2009 साली गेली. तेराव्याला फोटो हवा म्हणून आम्ही घर पालथे घातले. मामांच्या त्या दिवाळीच्या फोटोंत आम्ही पोरे होतो, वडील होते, आजी होती. आई कुठेच नव्हती. ती आत करंज्या तळीत असणार. शेवटी तिचे मतदानाचे ओळखपत्र निघाले. त्यावरचा नखाएवढा फोटो स्टुडिओत नेला. तिथल्या माणसाने तो मोठा केला, आईच्या अंगावर हिरवा शालू चढवला आणि गळ्यात एक जाडजूड सोन्याची सर घातली. आईने जन्मात कधी शालू नेसला नव्हता, आणि गळ्यात काळ्या मण्यांखेरीज काही नव्हते. भाऊ म्हणाला, "आई कशी छान दिसते!" मी त्या फोटोला हार घातला. पण खरे सांगते, नमस्कार करताना मी डोळे मिटून घेतले. ती माझी आई नव्हती.

घाटावरची ती भेट झाल्यावर मी नेटाने शोधू लागले. ज्या ज्या नातलगांकडे गेले, तिथे त्यांचे अल्बम मागून पाहिले. मावसबहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये, 1994 सालच्या, एक फोटो सापडला. तो फोटो आहे आचाऱ्याच्या मोठ्या पातेल्याचा. फोटोग्राफरने रिळातला उरलेला एखादा फोटो सहज काढला असेल. त्यात मागे डाव्या कोपऱ्यात चार बायका मेथी निवडीत बसल्या आहेत, आणि त्यातली एक माझी आई आहे. अंधुक आहे. पदर खांद्यावरून घसरला आहे, हातात मेथीची काडी आहे, आणि ती मान मागे टाकून हसते आहे. आई अशी हसायची हे मी विसरूनच गेले होते. ज्याने तो फोटो काढला त्याला ती दिसलीसुद्धा नसेल.

मी तो कोपरा मोठा करून भावाकडे नेला आणि म्हटले, "शालूचा फोटो उतरवून हा लावू." तो म्हणाला, "लोक काय म्हणतील? आईला धड फोटोसुद्धा नव्हता?" आमची बरीच बोलाचाली झाली. तो म्हणतो, "आईला जे आपण देऊ शकलो नाही, ते निदान फोटोत तरी तिच्या गळ्यात असू दे." त्याचे म्हणणेही मला अगदीच खोटे म्हणता येत नाही. त्याच्या घरी शालूची आई आहे, माझ्या घरी मेथीची. आमचे तेवढ्यावर मिटले आहे.

म्हणून माझे तुम्हांला सांगणे आहे की सणासुदीची वाट न पाहता फोटो काढा. मी काही जाणकार नाही, पण चुका करून जे शिकले ते सांगते. काढण्यापूर्वी मोबाईलची काच मऊ फडक्याने पुसा, कारण आपले हात तेलाचे असतात. भर दुपारी काढू नका. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळचे किंवा कलते ऊन चांगले. घरात माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा. खिडकी पाठीशी असली की चेहरा काळा येतो. कोपरे अंगाशी घट्ट धरा, म्हणजे हात हलत नाही. शंभर काढलेत तर नव्वद पुसून टाका, पण राहिलेल्या दहांतले दोनचार कागदावर छापून घ्या. मोबाईल एकदा पाण्यात पडला की सगळे गेले. आणि छापलेल्या फोटोमागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहा. मामांच्या फोटोंतल्या दोन बाया कोण हे सांगणारे आता आमच्यात कुणी उरले नाही.

आणि दोन गोष्टी करू नका. न विचारता कुणाच्या अंगावर कॅमेरा रोखू नका. आणि फोटोपायी नासधूस करू नका. आपल्या कासच्या पठारावर सीतेची आसवे फुलतात. ती फुले चिमुकली असतात. फोटोसाठी त्यांत बसकण मारणारी माणसे मी पाहिली आहेत. 2012 साली ज्या पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात आपले कास आहे. आपण तरी पायवाट सोडू नये.

शेवटी एका बाईंची आठवण काढते. होमाई व्यारावाला यांचे नाव मला माझ्या मुलीने सांगितले. 1913 साली नवसारीला जन्मलेल्या या पारशी बाई मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकल्या. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्या हिंडत. वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या या देशातल्या पहिल्या बाई त्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. पुढे 1947 सालच्या स्वातंत्र्याचे सोहळे त्यांनी टिपले, आणि 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण त्यांचे अगदी पहिले छापून आलेले फोटो कसले होते ठाऊक आहे? बायकांच्या एका सहलीचे! तेव्हा आपल्या सहलीला हलके समजू नका.

एक विनंती करून थांबते. या स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करताना माझ्या ध्यानात आले की हळदीकुंकवाच्या एकाही फोटोत आपल्या पोहे करणाऱ्या बाया नाहीत. त्या आत होत्या, माझ्या आईसारख्या. यंदा फोटोची वेळ झाली की कुणीतरी आधी स्वयंपाकघरात जा, आणि त्यांना विचारून, त्या हसत असतील तेव्हा एक फोटो काढा. आणि जी फोटो काढते आहे, तिच्या हातातला मोबाईलही घटकाभर मागून घ्या, म्हणजे तीही कुठेतरी दिसेल.