सल्ला देण्याआधी ऐकून घ्या
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात, वरळी येथे केलेले भाषण)



मला विषय देण्यात आला आहे तो 'थोड्या भेटींत करावयाचे समुपदेशन आणि त्यासाठी लागणारे प्रशिक्षण' हा. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा पंडितही नाही. बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. तेव्हा वर्गात मला जो धडा मिळाला आणि त्यानंतर जे वाचले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा बाकावर डोके ठेवून झोपू लागला. गृहपाठ बंद, पहिल्या चाचणीत तीन विषयांत नापास. मी त्याला शिक्षकांच्या खोलीत बोलावले आणि चांगली वीस मिनिटे उपदेश केला. आईवडिलांचे कष्ट, कौमची प्रगती, कंदिलाखाली शिकलेली थोर माणसे, काही म्हणून सोडले नाही. तो मान खाली घालून "हो सर, हो सर" म्हणत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत यायचाच बंद झाला.

आठ दिवसांनी त्याच्या अम्मी भेटायला आल्या, तेव्हा कळले. अब्बांचे काम सुटले होते. मुलगा रात्री एक वाजेपर्यंत एका खाण्याच्या गाडीवर भांडी धूत होता. वीस मिनिटांत मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. ज्याला आधीच ओझे झाले होते, त्याच्या डोक्यावर मी आणखी एक ओझे ठेवले होते. (हा प्रसंग त्याच्या परवानगीने सांगत आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ह्या चुकीनंतर मी वाचू लागलो. कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ व १९५१ साली लिहिलेल्या ग्रंथांतून एक वेगळा विचार मांडला. उपचार घेणाऱ्या माणसाला तो 'रोगी' म्हणत नसे. स्वतःच्या अडचणीची खरी जाण त्या माणसालाच असते, आणि योग्य सोबत मिळाली तर वाटही तोच शोधतो, असे त्याचे म्हणणे होते. ही सोबत करणाऱ्याकडे तीन गोष्टी हव्यात. समोरच्याच्या जागी उभे राहून त्याचे दुःख समजून घेणे, कोणतीही अट न घालता त्याचा मान राखणे, आणि स्वतः खोटा मुखवटा न घालणे. ऐकायला ह्या गोष्टी सोप्या वाटतात. पण आपण पालक आणि शिक्षक मुलाचे वाक्य पुरे होईपर्यंत तरी थांबतो काय? ज्याने त्याने मनाशी विचारून पाहावे.

आता कोणी म्हणेल, अशा बोलण्याला वर्षे लागतील, पैसे लागतील. येथेच आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण मोलाचे आहे. १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात 'संगत' ही संस्था सुरू केली. मानसोपचारतज्ज्ञ थोडे आणि दुःखी माणसे पुष्कळ, हे पाहून त्यांनी गावातल्याच सामान्य माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले. ह्या लोकांनी पूर्वी मानसिक आरोग्याचे काम केलेले नव्हते. पहिले तीन आठवडे त्यांना प्रशिक्षण दिले. त्यानंतरही लगेच मोकळे न सोडता काही महिने देखरेखीखाली उमेदवारी करायला लावली. भेटींचे ध्वनिमुद्रण करून सहकाऱ्यांनी एकत्र बसून ते ऐकायचे, गुण द्यायचे, चूक दाखवायची, असा नेम ठेवला.

मग १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत गंभीर उदासीनतेने त्रासलेल्या ४९५ प्रौढांवर ह्या पद्धतीची परीक्षा घेतली. निम्म्यांना केंद्रातील नेहमीच्या उपचारात थोडी सुधारणा करून तोच दिला, निम्म्यांना त्याच्या जोडीला समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा नुसत्या उपचारावर असलेल्यांपैकी ३९ टक्के लोक उदासीनतेतून बाहेर आले होते, आणि समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. हे निष्कर्ष 'लॅन्सेट' ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले.

त्याच संस्थेने दिल्लीच्या सहा सरकारी शाळांतील २५१ विद्यार्थ्यांसाठीही असा प्रयोग केला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. सुमारे तीन आठवड्यांत चार-पाच भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या तासाच्या आतली. मुलाने आपल्या अडचणींतून एक निवडायची, तिच्यावरचे उपाय स्वतः सुचवायचे, एक निवडून करून पाहायचा आणि पुढच्या भेटीत काय झाले ते सांगायचे. सहा आठवड्यांनी मुलांना आपल्या अडचणींचा भार हलका झालेला जाणवला. मनाच्या त्रासाची इतर लक्षणे मात्र नुसत्या पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा तेव्हा फारशी कमी झाली नव्हती. हेही सांगितलेच पाहिजे, कारण थोड्या भेटी म्हणजे जादू नव्हे.

ह्यावरून मला चार तत्त्वे दिसतात. एक, अडचण कोणती ते मुलाने ठरवायचे, आपण नव्हे. दोन, एका वेळी एकच अडचण आणि एकच लहान पाऊल. तीन, प्रत्येक भेटीच्या शेवटी विचारायचे, "आजच्या बोलण्याचा तुला उपयोग झाला का? की मी भलतीकडेच गेलो?" चार, ऐकलेले पोटात ठेवायचे. मात्र जिवाला धोका असेल तर ते गुपित राहणार नाही, हे मुलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचे.

तो मुलगा परत आला तेव्हा मी फक्त विचारले, "तुला सर्वांत जड काय जाते?" मला वाटले होते, म्हणेल झोप. तो म्हणाला, "अब्बा माझ्याशी बोलत नाहीत, सर. त्यांना लाज वाटते." वाचनालयाच्या कोपऱ्यात पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भेटी झाल्या. पहिला उपाय त्याने सुचवला, मामूंना मदत मागण्याचा. तो फसला. दुसरा त्याने अम्मींशी बोलून ठरवला. गाडीवरचे काम रात्री दहाला संपवायचे आणि शाळा सुटल्यावर तासभर शाळेतच अभ्यास करायचा. अब्बांशी तो स्वतः बोलला. काय बोलला ते मी विचारले नाही. तो वर्गात पहिला आला नाही, पण शाळेत टिकला आणि पुढे दहावी पास झाला.

आपल्या वरळीत बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या वाढल्या. तेथे अभ्यासाला कोपरा नव्हता, तसा मन मोकळे करायलाही नव्हता. २०२५ सालापासून तेथील कुटुंबांना नव्या इमारतींत मोठी घरे मिळू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण घर मोठे झाले म्हणून घरातले बोलणे आपोआप वाढत नाही.

आपल्या समाजात अजूनही काही जण म्हणतात की मन आजारी पडणे म्हणजे ईमान कच्चे असणे. त्यांना मी अबू झैद अल-बल्खी यांचे नाव सांगेन. इ.स. ८५० ते ९३४ ह्या काळातील ह्या विद्वानाने शरीर व मन दोन्हींच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. शरीर जसे आजारी पडते तसे मनही पडते, आणि घरात जसे औषध आधीपासून जपून ठेवतो तसे मन शांत असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, असे त्यांनी अकराशे वर्षांपूर्वी सांगितले. नमाज आणि दुआ मनाला आधार देतातच. पण ताप आला की आपण दुआ करतो आणि दवाखान्यातही जातो. मनाच्या बाबतीत दुसरी गोष्ट का टाळावी?

एक इशारा मात्र द्यायला हवा. काही गोष्टी शिक्षकाच्या वा पालकाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. मूल जीव देण्याची भाषा करू लागले, आठवडेच्या आठवडे जेवण-झोप उडाली, कानांत नसलेले आवाज येऊ लागले, तर समुपदेशनाचा प्रयोग करीत बसू नये. जिवाच्या प्रश्नावर त्याला सरळ आणि मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटे सोडू नये. परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा २०२२ सालापासून १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस चालते. विद्यार्थी मित्रांनो, हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. स्वतःला नाही तर मित्राला उपयोगी पडेल.

अध्यक्ष महोदय, शेवटी एक विनंती. आपण वह्या देतो, शिष्यवृत्त्या देतो. यंदा निदान दोन शिक्षकांना, त्यांत एक भगिनी असावी, समुपदेशनाचे रीतसर प्रशिक्षण द्यावे आणि त्यांच्या कामावर एखाद्या जाणकाराची नियमित देखरेख असावी. देखरेखीशिवाय शिक्षक पुन्हा उपदेशाकडे वळतो, हे मी स्वतःवरून सांगतो. जोडीला आठवड्यातून दोन तास वाचनालयाचा एक कोपरा राखून ठेवावा. खर्च फार नाही.

आणि पालकहो, आपणांकडे मागणे त्याहूनही लहान आहे. आज घरी गेल्यावर मुलाला मार्क विचारू नका. "तुला सर्वांत जड काय जाते?" एवढे विचारा, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत गप्प राहा.